साहेबाच्या कायम नेमणुकीबद्दल

आदरणीय वहिनींना,

साष्टांग नमस्कार. (खरा साष्टांग घालायचा तर आधी गुडघे टेकावे लागतात, आणि माझे गुडघे एकदा टेकले की परत उभं राहण्याबद्दल त्यांचं नि माझं एकमत होत नाही. तेव्हा कागदावरचाच गोड मानून घ्या.) तुमची पाठ कशी आहे? शाळेच्या कचेरीतली ती मोडकी खुर्ची बदलून मिळाली, की अजून वह्यांचा गठ्ठा पायाखाली सरकवूनच बसता? चिमणीची परीक्षा कशी गेली? तिला म्हणावं, अठरा वर्षांची झालीस तरी मी चिमणीच म्हणणार. ते नाव तुझ्या बापाने, आमच्या मास्तरने, ठेवलं आहे, बदलायचा अधिकार मला नाही. माझी तब्येत विचाराल तर सकाळी तीन गोळ्या, दुपारी दोन, आणि झोपताना एक, जी घेतल्यावर झोप सोडून बाकी सगळं येतं. एकूण ठीक आहे.

विषय असा की एक फॉर्म भरायचा आहे. तुम्ही दिवसभर पोरांचे फॉर्मच भरता, तेव्हा आणखी एकाने तुमचं काही बिघडणार नाही, असा विचार करून सोबत पाठवतो आहे. फॉर्म कुत्र्याचा आहे. आता हा शब्द वाचून तुम्ही पत्र बाजूला ठेवणार, हे मला पक्कं माहीत आहे. मास्तर गेला त्याला येत्या महिन्यात चौदा वर्षं होतील, आणि तेव्हापासून तुमच्या घरात कुत्र्याचं नाव कोणी काढत नाही. कॅलेंडरवर पिल्लाचं चित्र आलं तेव्हा तो महिना तुम्ही भिंतीकडे तोंड करून टांगलात, हे मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. (तो सबंध महिना घरातल्या माणसांनी तारखा अंदाजाने धरल्या आणि चिमणी एका रविवारी शाळेत जाऊन आली.) तर पत्र ठेवा, चहा घ्या, मग परत उचला. घाई नाही. म्हणजे तशी आहे. या महिन्याच्या तीस तारखेच्या आत फॉर्म केंद्रात पोचला नाही तर कुत्रा परत जाईल.

सुरुवातीपासून सांगतो. दोन वर्षांपूर्वी मी भाजी घ्यायला गेलो असताना शेजारच्या दुकानदाराने शटर धाडकन खाली ओढलं. पुढच्या क्षणी मी एका बाईंना जमिनीवर पाडून त्यांच्यावर आडवा पडलो होतो. हेतू चांगला होता. बाईंना तो कळला नाही, त्यांच्या यजमानांना तर मुळीच कळला नाही, आणि यजमानांचा पंजा चांगला रुंद होता. तिथून माझी रवानगी मनाच्या डॉक्टरबाईंकडे झाली. या डॉक्टरबाईंची पद्धत अशी की त्या बोलत नाहीत, आपण बोलायचं. मीही बोलत नाही. त्यामुळे आमच्या बैठका फार शांततेत होत. अकरा महिने अशी शांतता पाळल्यावर त्यांनी चिठ्ठी लिहून दिली, कुत्रा, एक. मी ती घेऊन औषधाच्या दुकानात गेलो. (हसू नका. तिथला माणूसही हसला नाही. त्याने दोन फळ्या शोधल्या आणि म्हणाला, हे सध्या येत नाही.)

मग कळलं की फौजेतून परतलेल्यांसाठी शिकवलेले कुत्रे देणारं एक केंद्र आहे आणि तिथे मोठी यादी आहे. माझा नंबर सातवा होता. चौथ्या नंबरवर आमच्या तुकडीतला आपला ट्रकवाला होता, तुमच्या लग्नात पंगतीत आग्रह करकरून ज्याने सगळ्यांना आजारी पाडलं तोच. त्याला कुत्रा मंजूर झाल्याचं पत्र ज्या दिवशी आलं, त्याच्या आदल्या दिवशी त्याने स्वतःचा निकाल लावून घेतला होता. पाकीट त्याच्या बहिणीने फोडलं. म्हणून माझा नंबर सहावा झाला. हे मी तुम्हाला फोनवर सांगितलं नव्हतं. त्याचं हृदय बंद पडलं असं सांगितलं होतं. ते काही अगदीच खोटं नव्हतं, शेवटी सगळ्यांचं तेच होतं.

तर मला मिळालेला कुत्रा. रंग चहाचा, वजन छत्तीस किलो, वय तीन, आणि नाव साहेब. हे नाव केंद्राने ठेवलं आहे आणि ते बदलता येत नाही, कारण तो त्या नावाला ओळखतो. आता तुम्हीच सांगा, ज्या माणसाने सव्वीस वर्षं साहेब म्हटल्यावर टाचा जुळवल्या, त्याने साहेबाला बस म्हणायचं कसं? पहिल्या दिवशी ते दारातून आत आले आणि मी उभा राहिलो. ते बसेपर्यंत मला बसवेना. त्यांना आधी पाणी, मग मला चहा. तिथली शिकवणारी मुलगी (माझ्या खांद्याएवढी आहे, पण आवाज आपल्या सुभेदारांचा) म्हणाली, काका, तुम्ही त्याला हुकूम द्यायचा आहे. मी म्हटलं, देतो, पण अर्ज कोणाच्या मार्फत करू?

साहेबांना तीन कामं येतात. रांगेत उभं राहिलं की ते माझ्या पाठीशी, मागे तोंड करून उभे राहतात, म्हणजे मला सारखं मागे वळून बघावं लागत नाही. मी थरथरायला लागलो की सगळं वजन टाकून मांडीवर आडवे होतात. (छत्तीस किलो. थरथर थांबते, पाय दुसऱ्या दिवशी परत मिळतात.) आणि तिसरं काम असं की माझा घाम बदलला, श्वास बदलला, तर मला कळायच्या आधी त्यांना कळतं, आणि ते माझ्यासमोर येऊन शांत बसतात. मुलीने सांगितलं, तो बसला की तुम्हीही जिथे असाल तिथे बसायचं, दीर्घ श्वास घ्यायचे, बरं वाटलं की त्याला उठ म्हणायचं आणि पुढे निघायचं. मी मान डोलावली. कुत्र्याचं बसणं आमच्या कामात काय असतं, हे तिने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

तुम्हाला सांगायला नको. सुरुंग शोधायचं काम मास्तरने तुमच्या जेवणाच्या टेबलावर कितीतरी वेळा समजावलं होतं, मिठाची डबी म्हणजे कुत्री, चमचे म्हणजे आम्ही. (त्याला काहीही शिकवल्याशिवाय राहवायचं नाही. मला वयाच्या तिसाव्या वर्षी बुटांची नाडी बांधायची नवी रीत शिकवली होती, आणि ती खरंच चांगली आहे.) लांब दोरीवर कुत्री पुढे, तिचा माणूस मागे. ती हुंगत जाते. वास लागला की भुंकत नाही, उकरत नाही, गुपचूप बसते. ती बसली की मागचा माणूस श्वाससुद्धा हळू घेतो. मी ते बारा वर्षं केलं. तेव्हा कुत्रा माझ्यासमोर बसला, तर माझं डोकं दीर्घ श्वासाकडे वळत नाही, एवढंच म्हणणं आहे.

याचा व्हायचा तो परिणाम बँकेत झाला. दरवर्षी मला तिथे जाऊन आपण जिवंत आहोत असा दाखला द्यावा लागतो. खिडकीपुढे चांगली गर्दी होती, पंखा बंद, माझ्यामागे कोणीतरी पिशवीची चेन सारखी उघडझाक करत होतं. साहेब माझ्या पाठीमागून फिरून पुढे आले आणि बसले. भर बँकेत, तीन नंबरच्या खिडकीसमोर, फरशीच्या जोडावर. वहिनी, त्यानंतर मी जे केलं ते अगदी नियमाप्रमाणे केलं. सगळ्यांना जागच्या जागी थांबायला सांगितलं. माझा आवाज तुम्हाला माहीत आहे; सगळे थांबले. कॅशियर शिक्का हवेत धरून थांबला. मग मी पोटावर झोपलो, काउंटरचं पेन घेतलं (दोऱ्याने बांधलेलं होतं, म्हणून काउंटरचा तुकडाही आला), आणि तिरकं धरून फरशीचा एकेक जोड तपासत दारापर्यंत वाट मोकळी केली. मग एकेकाला माझ्या खुणेवर पाऊल ठेवत बाहेर काढलं. एकतीस माणसं. एक आजोबा तेवढ्यात दोनदा विचारून गेले की टोकन तेच चालेल ना. सुरक्षारक्षकाने फार मदत केली, शेवटपर्यंत त्याला वाटत होतं की ही सरकारी तालीम आहे. पाऊण तासाने पोलीस आले, त्यांच्यामागून ती शिकवणारी मुलगी आली. तिने मला बाहेर पायरीवर बसवलं आणि विचारलं, काका, साहेब बसला तेव्हा तुम्ही काय केलंत? मी म्हटलं, बँक रिकामी केली. साहेब मात्र तोवर आत त्याच फरशीवर बसून होते, आपलं काम सोडून हलले नाहीत. दाखल्यावर सही मिळाली नाही, त्यामुळे कागदोपत्री मी अजून जिवंत नाही.

त्या दिवसापासून मुलगी आठवड्यातून दोनदा घरी येते आणि मला बसायला शिकवते. या वयात बसायला शिकणं हा काय प्रकार आहे ते विचारू नका. पण शिकलो. आता ते बसले की मी भिंत धरून खाली बसतो, श्वास मोजतो, आणि दहा मिनिटांत घाम सुकतो. खरं सांगतो, काम करतं ते. शटर वाजलं तरी आता मी बायाबापड्यांना पाडत नाही. स्वयंपाकघरातल्या चार फरशा मी पहिल्या आठवड्यात उचलल्या होत्या त्या परत बसवल्या (एक तिरकी आहे). अडचण राहिली ती एकच. मला उठ म्हणता येत नाही.

सगळे हुकूम देतो. ये म्हणतो, थांब म्हणतो, सोड म्हणतो, आता तर साहेबांना बससुद्धा म्हणतो, संकोच गेला. पण उठ म्हणायला गेलो की जीभ टाळूला चिकटते. पहिल्यांदा प्रयत्न केला तेव्हा उलटी झाली. आणि साहेब इतके शिस्तीचे की तो शब्द ऐकल्याशिवाय उठत नाहीत. परिणामी आम्ही दोघं बसूनच राहतो. औषधाच्या दुकानात एकदा दोन तास बसलो. लोक आमच्यावरून हात लांब करून गोळ्या घेत होते. एकदा लिफ्टमध्ये बसलो आणि एक अख्खी दुपार वरखाली करत होतो. पाचव्या मजल्यावरच्या बाईंनी तर आम्हाला येताजाता कोणतं बटण दाबायचं ते सांगायला सुरुवात केली. सुटका होते ती दुसऱ्या कोणी उठ म्हटलं तर. शेजारच्या निवृत्त परिचारिका बाई गच्चीतून ओरडून म्हणतात. टपालवाला म्हणतो. पण जन्मभर टपालवाला बरोबर घेऊन फिरता येत नाही.

आणि केंद्राच्या परीक्षेत तेच विचारणार आहेत. सहा महिन्यांची उमेदवारी पुढच्या महिन्यात संपते. साहेब बसणार, मी बसणार, आणि मग मी उठ म्हटलं पाहिजे. म्हटलं आणि फॉर्म पूर्ण असला तर साहेब कायमचे माझ्याकडे. नाहीतर ते यादीतल्या पुढच्या माणसाकडे जातील. मला तसा काही फरक पडत नाही. केस सगळ्या घरात, सकाळी साडेपाचला फिरायला जायचं, आणि शेजारी मला आता साहेबांचा माणूस म्हणून ओळखतात. छत्तीस किलोचं ओझं उतरेल, तेवढीच मांडी मोकळी. पण ती मुलगी फार मेहनत घेते, तिला वाईट वाटेल, म्हणून फॉर्म पाठवतो आहे इतकंच.

फॉर्ममध्ये तुम्हाला काही करायचं नाही. मला जुन्या काळापासून ओळखणाऱ्या एका माणसाची माहिती आणि सही लागते. माझी बहीण त्या भाजीबाजाराच्या भानगडीनंतर फोन घेत नाही, सुभेदार वारले, ट्रकवाल्याचं वर लिहिलंच आहे. राहता राहिलात तुम्ही. दहा प्रश्नांची उत्तरं मी पेन्सिलने भरून ठेवली आहेत, तुम्ही वरून शाई फिरवा. अकरावा प्रश्न असा आहे की अर्जदाराच्या हाताखाली पूर्वी काम करणारा कुत्रा असल्यास, अर्जदाराची त्याच्याशी वागणूक कशी होती. तो मी कोरा ठेवला आहे. तिथे काय लिहायचं ते तुम्हाला ठाऊक आहे, चौदा वर्षं मला तेच सांगत आला आहात की भावजी, तुमचा काही दोष नाही, त्या कुत्रीनेच इशारा दिला नाही. तसंच काहीतरी दोन ओळींत लिहा आणि सही करा.

चिमणीला आशीर्वाद, तुमच्या पाठीला शेक, आणि तुमच्या मुख्याध्यापकांना खुर्चीबद्दल माझा निषेध कळवा.

आपला,
भावजी

ता. क. तिकीट लावलेलं पाकीट सोबत आहे. पत्ता लिहून ठेवला आहे. शाई फिरवताना चौथ्या उत्तरात मी दारू सोडून सहा वर्षं झाली असं लिहिलं आहे ते पाच करा.

ता. क. दुसरा. मला फरक पडत नाही असं जे वर लिहिलं आहे ते खोडायचं होतं, पण खाडाखोड तुम्हाला चालत नाही. साहेब गेले तर माझाही ट्रकवाला होईल, वहिनी. भीती घालायला लिहीत नाही. डॉक्टरबाईंना हे ठाऊक आहे, अकरा महिन्यांनंतर त्यांच्यापुढे बोललेलं पहिलं वाक्य मला जगावंसं वाटत नाही हेच होतं, म्हणून तर त्यांनी चिठ्ठी दिली.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवलं होतं, परत उघडलं. तुमच्याकडून अकराव्या प्रश्नाचं उत्तर असं फसवून लिहून घेता येणार नाही. काळीने त्या दिवशी इशारा दिला होता. विहिरीकडे जायची वाट साफ करायची होती, ऊन होतं, ती नियमापेक्षा तासभर जास्त चालली होती. सकाळी दोनदा बसली होती, एकदा खिळा निघाला, एकदा डब्याचं झाकण. तिसऱ्यांदा बसली तेव्हा मला वाटलं दमली आहे. मी उठ म्हटलं. ती उठली नाही. मी परत म्हटलं आणि दोरी ओढली, तेव्हा उठली, आणि मी तिथे वाट मोकळी असल्याची पांढरी खूण ठोकली. बाकी सगळे गाडीपाशी होते, पाहणारं कोणी नव्हतं. मग मी मागे हात करून पाणी मागितलं. मास्तर पाणी घेऊन आला, माझ्या खुणेवरून. पाणी मी मागितलं होतं, वहिनी.

चौकशीत मी सांगितलं की ती बसली नाही. तिला काही सांगता येत नव्हतं. तिला निकामी ठरवून काढून टाकलं आणि वर्षभराने ती पिंजऱ्यात मेली. मी एकदाही बघायला गेलो नाही. तुम्ही तिला शिव्या देत होतात तेव्हा मी तुमच्या घरी बसून चहा पीत होतो. चिमणी त्या कुत्रीला शिव्या देत मोठी झाली.

हे वाचून तुम्ही सही करणार नाही, आणि करू नये असंच माझंही मत आहे. साहेबांना मी स्वतः नेऊन पोचवीन. मी तुमच्या दारात पाऊल ठेवायचं की नाही, आणि चिमणीला हे तुम्ही सांगायचं की मी येऊन सांगायचं, ते तुम्ही ठरवा. सांगाल त्या दिवशी येईन. पण फॉर्म फाडू नका, तो केंद्राच्या कपाटात कायमचा राहतो असं मुलगी म्हणाली. माझ्याबद्दल काय लिहायचं ते लिहा, नाहीतर काहीच लिहू नका. अकराव्या प्रश्नाखाली दोनच ओळींची जागा आहे. तिथे तुमच्या अक्षरात एवढं लिहा, की काळी बसली होती.